राखेचा लेप

दुपारी चारच्या सुमाराला दातांचे डॉक्टर दुकानात आले, तेव्हा धाकटा एका पाइपला मेण चोळत बसला होता. धाकटा म्हणायचं ते सवयीने. माणूस साठी ओलांडलेला, डोक्यावर केस बेताचेच. पण पाइप बनवायचं ते दुकान दोघा भावांचं होतं तेव्हापासून गिऱ्हाइकं एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे म्हणत आली होती. थोरल्याला जाऊन दोन वर्षं झाली तरी धाकट्याला काही बढती मिळाली नाही.

डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वी नेलेला नवाकोरा पाइप टेबलावर ठेवला.

“धाकटे, रागावू नका. पण हा बुडबुडतोय. खालची तंबाखू ओलीच राहते, पेटायचं नाव घेत नाही.”

“जरा सावकाश ओढा, डॉक्टर. नवा आहे, रुळायला वेळ लागतो.”

“चाळीस वर्षं लोकांच्या दातांत भोकं पाडतोय मी. भोक कुठे चुकलं ते मला नका शिकवू.” डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा चिमुकला आरसा काढून पाइपच्या वाटीत धरला. “बघा. तळाशी नाही, वर आहे. आणि डावीकडे सरकलंय.”

धूर जायचं भोक वाटीच्या अगदी तळाशी आणि मधोमध उघडावं लागतं. गव्हाच्या दाण्याएवढं वर गेलं तरी खाली ओल साठते आणि पाइप गुरगुरायला लागतो. धाकट्याने लोकर गुंडाळलेली तार दांडीतून आत सारली. ती वर, डाव्या अंगाला बाहेर आली. त्याने ती काढून पुन्हा घातली, पुन्हा तिथेच.

चूक कुणाच्याही हातून होते. पण ही चूक ओळखीची होती. ही दादाची होती.

“उद्या सकाळी या,” तो कसाबसा म्हणाला. “नीट करून ठेवतो.”

डॉक्टर गेले. रस्त्यावरचा त्यांच्या काठीचा आवाज विरला, तरी धाकटा तार हातात धरून उभाच होता.

शेवटच्या काही वर्षांत दादाचा डावा डोळा अधू झाला होता. गिरमिट धरायचं ते दादानेच, हा दुकानाचा नेम. आणि दर दोन-चार पाइपांमागे एकात भोक वर, डावीकडे पडायचं. धाकटा चकार शब्द काढत नसे. दादा वर घरी गेला की तो खालीच रेंगाळायचा, दादाच्या पाइपच्या राखेत पाणी आणि खडूची पूड कालवायचा आणि त्या लेपाने वाटीचा तळ भोकापर्यंत उचलून घ्यायचा. रात्रभरात लेप वाळून दगड व्हायचा. ना गिऱ्हाइकाला कळायचं, ना दादाला. निदान धाकट्याला तसं वाटत होतं.

मग एके दिवशी एक गिऱ्हाईक फार बोललं, धाकट्याचा तोल गेला आणि तोंडातून निघून गेलं, “मी तरी काय करू? दादाला दिसतच नाही आता!” दादा मागेच उभा होता. त्याने गिरमिट पुसलं, जागेवर ठेवलं, एप्रन खुंटीला अडकवला आणि जिना चढून वर गेला. पुन्हा म्हणून खाली उतरला नाही. पाच महिन्यांत खेळ आटोपला. वहिनीला वाटलं, छातीचं दुखणं. धाकट्याने ते वाटू दिलं.

आणि डॉक्टरांचा पाइप तर धाकट्याने स्वतः बनवला होता. सकाळी भोक पाडलं, संध्याकाळी डॉक्टर तो घेऊनही गेले. मग हा दादाचा हात कुठून आला?

दिवेलागणीला वहिनी चहा घेऊन खाली आली. पाइपांच्या कापडी पिशव्या तीच शिवायची. धाकटा दिवा न लावता बसला होता. खोलीत लाकडाच्या भुशाचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, गोडसर, जळका... तो वास त्याने ओळखला आणि ओळखला नाही असं स्वतःला सांगितलं.

“भावजी, अंधारात काय बसलात? बरं नाही का?”

“वहिनी... दादा इथे येतो.”

 ती कप ठेवून स्टुलावर टेकली. मग धाकट्याने सगळंच सांगून टाकलं. पाइपचं, लेपाचं आणि त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर काय बोलला तेही. सांगता सांगता म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला.

“माझ्यावर राग धरून गेला तो, वहिनी. आता माझ्या हातून स्वतःच्या चुका करून घेतोय.”

“मला माहीत होतं ते,” वहिनी हळूच म्हणाली. “त्या रात्री ते जेवले नाहीत, तेव्हा विचारलं मी. रागावले नव्हते हो. लाजले होते. म्हणाले, पोर इतकी वर्षं माझं झाकत आलं, आणि मी आपला झाकू देत आलो.”

“म्हणजे... लेपाचं त्याला ठाऊक होतं?”

“तर काय! इकडे दाराशी, उजेडात या. उजवा डोळा झाका बघू. ही बोटं किती?”

धाकट्याने उजवा डोळा झाकला. समोर दुधाळ धुकं होतं आणि त्यात वहिनीचा हात विरघळून गेला होता.

“कुठली बोटं?” तो म्हणाला.

“झालं! भूतबीत काही नाही, भावजी. वय झालंय तुमचं. दोघे भाऊ एकाच वळणावर गेलात, एवढंच.”

धाकट्याच्या जिवात जीव आला. आपल्याच डोळ्यांचं दुखणं ऐकून इतका खूश झालेला माणूस शोधून सापडला नसता. चहा संपवता संपवता मात्र त्याच्या ध्यानात आलं, की डोळा काही आठ दिवसांत जात नाही. फळीवर मेण चढवायचे अकरा पाइप उभे होते, सगळे याच महिन्यात त्याच्या हातचे. तो आजवर नुसती फुंकर मारून बघायचा; हवा पार गेली की झालं.

“दिवा लावा जरा, वहिनी.”

त्याने पहिल्या पाइपात तार घातली. ती बरोब्बर तळाशी निघाली. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तसंच. तो हसलाच, मग सवयीने चौथ्याच्या वाटीत करंगळी घातली आणि हसू तिथेच थिजलं.

तळ लाकडाचा नव्हता.

अकराच्या अकरा पाइपांत भोक वर, डावीकडे पडलं होतं. आणि अकराच्या अकरांचा तळ राखेच्या लेपाने भोकापर्यंत उचलून, बोटाने गोल दाबून नीट बसवलेला होता. शेवटच्या पाइपातला लेप अजून ओला होता.

“वहिनी, हे तुम्ही...?”

“मला त्यातलं काय कळतंय, भावजी?” तिचा आवाज खाली गेला. “आणि राख आणू कुठून? ते गेल्यापासून या घरात कुणी काही ओढलं तरी आहे का?”

 डॉक्टरांचा पाइप तेवढा कच्चा गेला होता, कारण एकट्या त्या पाइपाने दुकानात रात्र काढली नव्हती. हे दोघांनाही एकदमच कळलं.

धाकट्याने डॉक्टरांचा पाइप टेबलावर मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या कामाचा, वाटी कोरलेला पण धुराचं भोक न पाडलेला लाकडाचा ठोकळा पकडीत तसाच आवळलेला होता. दिव्याकडे हात नेताना त्याला राहवलं नाही.

“दादा,” तो अंधाराकडे बघून म्हणाला, “चुकलं रे माझं.”

त्याने दिवा मालवला. दोघं वर गेली.

सकाळी धाकटा खाली उतरला तो वहिनीचा हात धरून. डोळ्यांमुळे, असं त्याने तिला सांगितलं. डॉक्टरांच्या पाइपचा तळ उचलला गेला होता. त्याने पाइप कपाळाला लावला आणि त्याचे डोळे भरून आले. दादाने माफ केलं होतं, एरवी हे काम तो कशाला करता?

वहिनी मात्र पकडीपाशी उभी होती.

काल भोक नसलेल्या ठोकळ्याला दांडीपासून वाटीपर्यंत भोक पडलं होतं. खाली ताजा भुसा सांडला होता. धाकट्याने तार घातली. ती केसभरही न चुकता, अगदी तळाशी, अगदी मधोमध बाहेर आली. तरण्याताठ्या वयातसुद्धा दादाच्या हातून इतकं सरळ भोक कधी पडलं नव्हतं.

“त्याला दिसायला लागलं, वहिनी,” धाकटा हसत, रडत म्हणाला. “आता त्याला नीट दिसतंय.”

वहिनीने पदर अंगाभोवती घट्ट ओढला. ती ठोकळ्याकडे बघत नव्हती. खोलीच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथून आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं तिला वाटत होतं.

“हो भावजी,” ती पुटपुटली. “आता सगळंच दिसत असेल...”