शेवटच्या भोकाचे आटे

इन्स्पेक्टरबाई शेडमध्ये शिरल्या तेव्हा एक माणूस जमिनीवर मरून पडला होता आणि दुसऱ्याला मरेस्तोवर मार बसत होता.

"व्हा बाजूला!" त्यांनी काठी आपटली.

सगळे हटले. एकटा फोरमन तेवढा थांबेना. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली, म्हणून डाव्यानेच ठोसे लगावत होता. शेवटी हवालदाराने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

मेलेला मशीनचा ऑपरेटर. गळ्यात टूलचं बोटभर टोक रुतलेलं. मार खाणारा त्याचा मेहुणा, त्याच मशीनवर टूल बसवणारा.

"यानेच ढिलं बसवलं," फोरमन धापा टाकत म्हणाला. "मशीन नुसतं थडथडत होतं. प्लेटच्या शेवटच्या भोकात टूल तुटलं आणि उडून थेट गळ्यात!"

"थडथड तुम्ही ऐकलीत?"

"या कानांनी!"

"खोटं आहे हो," मेहुण्याने तोंडातलं रक्त पुसलं. "सकाळी झिजलेलं टूल थरथरून तुटलं, म्हणून नवंकोरं लावलं. जुन्याचं टोक दाजी मालकांना दाखवायला निघाले होते. ताईला आता काय सांगू? नवरा गेला, भाऊही तुरुंगात?"

बाईंना त्याची कीव आली, पण कीव करून कोणी सुटत नाही.

"हे टूल करतं काय?"

"आधी भोक पाडतं. मग बाहेर येता येता त्यातच आटे पाडतं."

बाईंनी एक बोल्ट शेवटच्या भोकात चिमटीने फिरवला. सरसर तळापर्यंत गेला. मशीनला टूलचं तुटकं बूड तसंच अडकलेलं होतं.

"हवालदार, मशीनखालचा लोखंडाचा कीस उपसा."

फोरमनचा चेहरा पडला. किसातून टूलचं आणखी एक टोक निघालं. धार शाबूत.

"थडथड झाली असती तर आटे खडबडीत झाले असते, बोल्ट अडला असता," बाई म्हणाल्या. "आटे पुरे झालेत, म्हणजे टूल धडधाकट बाहेर आलं. पुढे भोकही उरलं नव्हतं. मग बूड एक आणि टोकं दोन कशी? गळ्यातलं टोक बोथट आहे. ते सकाळचं. ऑपरेटरने ते तुमच्यापुढे नाचवलं, तुम्ही हिसकावून त्याच्याच गळ्यात खुपसलंत. मग अपघात दिसावा म्हणून नवं टूल हातोडीने फोडलंत. सोडा ती चिंधी."

हवालदारानेच ती ओढली. तळहातावर ताज्या, खोल चिरा.

"नोकरी घालवत होता माझी!" फोरमन किंचाळला. "झिजलेली टूलं रेटली ती कारखान्यासाठीच ना? मेला ते बरं झालं!"

मेहुण्याने जड पाना उचलला. फोरमनच्या टाळक्यावर तो येणार, एवढ्यात बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"मार. मग ताईला सांगायला मी जाते."

पाना खाली पडला. मग त्याने दाजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडला.