ज्योतीरामचा दोर

अमावस्या होती म्हटलं तर तुम्ही आणखी जवळ सरकाल, पण उगाच कशाला... चांगलं एकादशीचं चांदणं होतं. शुक्रवार, दहा जानेवारी, रात्रीचे सव्वाआठ. कुरुळीचा आपला भीमराज सांडपाण्याच्या प्लँटवर एकटाच ड्युटीला होता.

अर्ध्या शहराच्या न्हाण्या-संडासांचं पाणी तिथं आधी एका खोल विहिरीत उतरतं. पंप ते वर चढवतात, हौदात हवा खेळवून त्यातली घाण मारतात, मग ते नदीला. पंपात चिंध्या अडकल्या की माणूस खाली उतरवायचे. खाली विषारी वायू. म्हणून रीत एकच. दोराचं एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला, दुसरं वरच्यानं आपल्या मनगटाला बांधायचं. खालून एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ.

ही रीत भीमराजला ज्योतीरामनं शिकवली. आणि दिवाळीआधी ज्योतीरामच खाली गुदमरून गेला. भीमराज तेव्हा सुट्टीवर. सुपरवायझर रणजीत म्हणाला, "दोर न बांधता, कुणाला न सांगता उतरला राव." भीमराजला मरणापेक्षा तेच जास्त लागलं. मला शिकवलं, आणि स्वतः असा?

उद्या सकाळी चौकशी. ज्योतीराम नेहमीच बिनदोराचा उतरायचा, असा जबाब रणजीतनं भीमराजच्या नावानं लिहून ठेवलेला. भीमराजची सही तेवढी बाकी. ज्योतीरामची बायको इंदुताई दारात येऊन सांगून गेली होती, "भाऊ, मेल्यावर त्यांनाच दोषी ठरवू नका."

फोन वाजला. रणजीत.

"भावा, पॅनेलमागं जुना दोर पडलाय. कुजलाय. जाळून टाक."

"आत्ताच?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

भीमराजनं पंपाच्या खोलीतल्या विजेच्या पॅनेलमागं हात घातला. दोर निघाला. निघतच राहिला. चांगला धडधाकट होता. दुसरं टोक खोलीबाहेर, थेट विहिरीच्या तोंडात गेलेलं. सवयीनं त्यानं हातातलं टोक मनगटाला गुंडाळलं.

एक हिसका.

पंप बंद. वारा नाही.

"कोण हाय?"

...

दोन हिसके.

त्यानं ओढलं. जड. माणसाइतकं जड. कठड्याला पाय रोवून ओढलं. खालून आवाज आला. दमलेला. ओळखीचा.

"रणजीतराव... सोडू नका..."

भीमराज थिजला. म्हणजे दोर होता. आणि वर रणजीत होता.

"ज्योतीदादा... मी हाय. भीमराज."



मग दोर हलका झाला. नुसतं ओलं टोक वर आलं.

सकाळी त्यानं तो दोर चौकशीच्या टेबलावर ठेवला आणि जबाबाचा कागद तसाच परत सरकवला.

"वाच तरी," रणजीत म्हणाला.

"वाचला. खोटा हाय."

आता रणजीत आदल्या रात्री, फोन केला तेव्हाही, राजगुरुनगरला पुतणीच्या वाढदिवसाला होता. पन्नास माणसांनी पाहिलेला. कागद उचलायला त्यानं हात पुढं केला. बाही वर सरकली.

मनगटाभोवती दोराचा वळ. ताजा.

आणि त्यातून पाणी ठिबकत होतं... काळं.