सगळी तोंडं सापगावकडे

अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात नाकतोड्यांनी शेणव्याच्या शिवाराची पार वाट लावली होती. महेंद्र गुरुजींचं भात तेवढं सहीसलामत. त्यांच्याकडचे नाकतोडे रोपाच्या शेंड्यावर चढत, पात घट्ट कवटाळत आणि तसेच मरत. सांध्यांतून पांढरी बुरशी फुटलेली असे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्यात नवल कसलं? “ती बुरशीच चढवते त्यांना वर,” त्यांनी आईला समजावलं. सोनूबाई खूश झाली. फवारणीचा ताप वाचला.

नवल निराळंच होतं. मेलेल्या एकूणएक नाकतोड्याचं तोंड त्यांच्या घराकडे होतं, मागच्या पडवीकडे. तिथे त्यांची बायको श्वेता तांदूळ निवडत बसायची. सातवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून गुरुजींचा जीव टांगणीला लागलेला. काहीबाही निमित्त काढून त्यांनी तिला पुढच्या ओटीवर बसवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी नवे मेलेले नाकतोडे ओटीकडे वळलेले.

त्यांनी आईला बांधावर नेऊन दाखवलं.

“मेलेल्या किड्याचं काय बघतोस रे?” सोनूबाई म्हणाली. “असलं आपल्यात मानत नाय. तुझ्या आज्यानं छप्पन सालीच सोडलं ते.”

गुरुजींना ते पटलं. तरी दुसऱ्याच दिवशी त्यांनी श्वेताला बाळंतपणासाठी माहेरी, सापगावला पोचवलं. ती मजेत गेली. दोन दिवसांनी गुरुजींनी बांधावर तालुक्याचा नकाशा पसरला, त्यावर शाळेतलं होकायंत्र ठेवलं. खरं सांगायचं तर बघायचा धीर होत नव्हता.

सगळी तोंडं सापगावकडे.

पुढे भात कापलं, झोडलं. असं पीक कधी आलं नव्हतं. पंधरवड्यानं निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. गुरुजी आनंदानं रडले आणि तडक सापगावला गेले.

बाळ गोंडस, शांत. रडायचं नाव नाही.

“पोर लई गुणाची, जावयबापू,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त मान एकाच अंगाला टाकते. मोहरीची उशी दिली, तरी नाय ऐकत.”

गुरुजींनी बाळाला गोधडीसकट अलगद फिरवलं. डोकं होतं तिकडे पाय आले.

बाळानं सावकाश मान दुसऱ्या अंगाला वळवली.

तिकडे नुसती भिंत होती. भिंतीपलीकडे, कोसांवर, शेणव्याचं रिकामं शेत.

श्वेता कौतुकानं हसली. “बापाला शोधतेय हो.”

बाप बाळाच्या पाठीमागे बसला होता.