‘व’च्या शेजारचा घाव

पूर्वी लोक रक्त तपासायला जायचे, तसे आता खंजीर तपासायला येत. पुण्यातल्या शस्त्रपरीक्षा केंद्राच्या बाकांवर सकाळपासून माणसं टॉवेलात गुंडाळलेली पाती मांडीवर घेऊन बसलेली असत. चेहरेही रिपोर्टची वाट पाहणाऱ्यांसारखेच. घावदर्शी आल्यापासून कितीतरी घराण्यांची झोप उडाली होती.

हे यंत्र दिसायला शिवणयंत्राएवढं, पण पोटात शिरून बघणारं. लोखंडावर घण, छिन्नी किंवा ठसा बसला की खालचे कण दाबले जातात. वरचं अक्षर कानशीनं घासून सपाट केलं, तरी दाब खोलवर गेलेला असतो. घावदर्शी थराथरानं खाली उतरे आणि कुठला घाव आधीचा, कुठला मागाहूनचा, ते पडद्यावर दाखवी. ‘शिवकालीन’ म्हणून काचेच्या कपाटात मिरवणारे अर्धेअधिक खंजीर परवापरवा भट्टीतून निघालेले आहेत, हे त्यामुळेच उघडकीला आलं.

या यंत्राची अर्धी आई डॉ. इरावती तळसुरकर. उरलेलं श्रेय सुगत तळसुरकरचं. दोघांचं आडनाव एक, म्हणून लोक विचारत, “भाऊ-बहीण का?” इरावती हसून सांगे, “आडनावबंधू. नातं काही नाही.”

तिचा शेरा ठरलेला असे: ‘नंतरची भर’. तो देताना तिचा हात कधी अडखळला नाही. एका निवृत्त मास्तरांच्या पणजोबांचं नाव बनावट निघालं तेव्हा ते तिच्यासमोर रडले होते. ती म्हणाली होती, “खोट्या नावापेक्षा कोरं लोखंड बरं, सर.” हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे भाषणांतही ती ते वापरू लागली.

त्या दिवशी तिचे वडील अण्णा आले ते परीटघडीचा सदरा घालून. हातात लाल फडक्यात घरचा खंजीर. संग्रहालयाच्या नव्या सैनिकी दालनात तो ठेवायचा होता, खाली पाटी लागणार होती: ‘रामराव तळसुरकर, कंपनी सरकारच्या पलटणीतले शूर’. अण्णांनी या पाटीची वाट अर्धं आयुष्य पाहिली होती. फक्त केंद्राचा दाखला बाकी होता.

“घरचं शस्त्र मी तपासणं बरं दिसत नाही,” इरावती म्हणाली. “सुगत, तूच बघ आणि सहीही तुझीच.”

सुगतनं खंजीर हातात घेतला. मुठीच्या खोबणीत कुंकू घट्ट बसलं होतं.

“खंडेनवमीचं ना, काका?”

“दर वर्षी. चिंचेनं घासायचा, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. तुम्ही कुठले तळसुरकर?”

“तुमच्याच तळसुऱ्याचे. खालच्या आळीतले.”

अण्णा “हं” म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

“आमच्याकडे गंमतच होती,” सुगत यंत्रात पातं बसवत म्हणाला. “आजी सांगायची, तिच्या लहानपणी खंडेनवमीला घरात रिकामा पाट मांडायचे. त्यावर काहीच नाही, आणि त्याला हळदकुंकू. कशाची पूजा, कुणी सांगेना. पुढे धर्मांतर झालं, पाटही गेला.”

“रिकाम्या पाटाची पूजा,” इरावती हसली. “म्हणजे देव सुट्टीवर.”

सुगतही हसला. अण्णा हसले नाहीत.

पातं अस्सल निघालं, मूठही मूळचीच. सुगतनं अण्णांशी हात मिळवला, त्यांना चहाला बसवायला नेलं आणि जाता जाता म्हणाला, “अक्षरांची खोली तेवढी तू लाव. मी येऊन सही करतो.”

इरावतीनं यंत्र नावावर आणलं. हे नाव तिला पाठ होतं. ती अक्षरं शिकली ती याच पात्यावर बोट फिरवून. ‘व’च्या उजव्या अंगाला लोखंड किंचित खोलगट लागे. “हा काय खड्डा?” असं विचारलं की अण्णा सांगत, “लढाईतला घाव आहे तो. त्याला हात लावायचा नाही.” शाळेत ती ऐटीत सांगायची, आमच्या ‘व’ला जखम झाली आहे.

यंत्र एक थर खाली गेलं. ‘राव’ फिकट झालं. आणखी एक थर. ‘र’च्या जागी ‘न’ उमटला. ‘व’च्या उजवीकडे, नेमकी त्या घावाच्या जागी, एक वळणदार फाटा पडद्यावर आला आणि ‘व’चा ‘क’ झाला.

रामनाक.

कंपनीच्या पलटणीतल्या महार शिपायांच्या नावापुढे लागणारं ते ‘नाक’. कुणीतरी ‘न’ घासून ‘र’ ठोकला होता आणि ‘क’चा फाटा कानशीनं काढला होता. बस, एवढंच काम.

अण्णा दारात येऊन उभे होते. पडद्याकडे पाहून ते खुर्चीत बसले.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“माझ्या आज्यानं सांगितलं होतं.” अण्णांनी पडद्यावरची नजर काढली. “रामनाकानं तो आमच्याकडे ठेवायला दिला होता. त्याच्या घरात शस्त्र दिसलं असतं तर गावानं राहू दिलं नसतं. त्याची मुलं मागायला आली, तेव्हा आमच्या लोकांनी हे नाव पुढे केलं. म्हणाले, वाचा, कुणाचं आहे.”

“मग?”

“पलटणीत शिकलेली मुलं ती. वाचलं त्यांनी. काही न बोलता गेली. इरू, माझं वय झालंय. पाटी लागू दे. मी मेल्यावर काय ते कर.”

लाजेनं इरावतीचे कान तापले, पण बोटं तिचं ऐकेनात. तिनं खोलीचा आकडा वर आणला, इतका वर की यंत्राला फक्त वरची कातडी दिसावी. दाखल्यावर शब्द आले: ‘अक्षरे मूळ’.

सुगत आत आला. “झालं?”

“झालं.”

“पडदा बघू का?” तो म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. “तू पाहिलंस ना. मग राहू दे.” त्यानं सही केली, खंजीर उचलला, लाल फडक्यात नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी अण्णांना दिला. वर वाकून नमस्कार केला. “सांभाळून न्या, काका. फार मोठं माणूस होतं.”

अण्णांनी पाय मागे घेतले.

इरावतीला रिकामा पाट आठवला. त्यावर ती हसली होती. ज्यांच्या हाती काही उरलं नव्हतं, त्यांनी निदान जागा तरी राखून ठेवली होती. आणि आपण आत्ता काय केलं? आपल्या पूर्वजांना कानस लागली, आपल्याला नुसती एक कळ पुरली. तिला स्वतःची किळस आली. मास्तरांचा रडका चेहरा डोळ्यांसमोर आला. त्या वेळी आपण किती तोऱ्यात बोललो होतो.

“अण्णा, द्या तो इकडे.”

अण्णांनी फडकं छातीशी धरलं. मग हळूहळू त्यांचे हात सैल झाले.

तिनं पातं टेबलावर ठेवलं. “सुगत, इथे बोट लाव. ‘व’च्या शेजारी.”

“खोलगट आहे.”

तिनं खोली पूर्ववत केली. पडद्यावर फाटा पुन्हा उमटला. सुगतनं नाव वाचलं, आधी मनात, मग ओठांनी. त्याचं बोट घावावरून हललं नाही.

“खालच्या आळीत रामनाकाचं घर एकच होतं,” अण्णा जमिनीकडे पाहत म्हणाले. “रिकामा पाट तिथेच मांडायचे.”

इरावती वाट पाहत होती की तो ओरडेल, निदान काहीतरी फेकून देईल. म्हणजे तिला सोपं गेलं असतं. पण सुगतची नजर पडद्यावरून दाखल्याकडे गेली. ‘अक्षरे मूळ’, आणि त्याखाली त्याची ताजी सही.

“इरा,” तो अगदी हळू म्हणाला, “म्हणजे या वेळी त्याचं नाव तू माझ्याच हातानं खोडवून घेणार होतीस?”