ऑक्टोपसचे पाच पाय कुठे गेले?

दुपारी एक ते चार, तब्बल तीन तास ऋजुता टेबलाशी बसून होती. तरीही तिच्या ऑक्टोपसला तीनच पाय होते. मग वेळ गेला कुठे?

पाच वाजता शाळेचा ड्रोन चित्र न्यायला येणार होता. भित्तिपत्रकात (भिंतीवर लावायच्या हस्तलिखित अंकात) चित्राची जागा कोरी ठेवली होती आणि तिच्याखाली ‘चित्रकार: ऋजुता बेडेकर’ असं आधीच लिहून टाकलं होतं!

“खटपट, तूच माझा वेळ खाल्लास!” ती घरच्या यंत्रमानवावर ओरडली.

“मी फक्त वीज खातो,” खटपट म्हणाला. “दर पाच मिनिटांनी घंटा वाजवायला तूच सांगितलंस. पाच मिनिटं चित्र, पाच मिनिटं गोष्टीचं पुस्तक, पुन्हा चित्र. मी छत्तीस घंटा वाजवल्या. एकही चुकली नाही.”

शेजारी बसलेले तिचे आजोबा, म्हणजे आबा, हसले. मेंदूचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“खटपट, वेळ मोज. ऋजू, एक ते दहा म्हण.”

तीन सेकंद.

“आता क ते ञ.”

चार सेकंद.

“आता आळीपाळीने. एक-क, दोन-ख...”

“तीन-ग, चार... घ, पाच... च? नाही, थांबा हं, ङ! सहा... आबा, सहा झाले का?”

“एकोणीस सेकंद,” खटपट म्हणाला. “आणि ञ अजून आलेला नाही.”

“पण शब्द तर तेवढेच होते!”

“हो ना. पण दर वेळी मेंदूला एक काम खाली ठेवून दुसरं उचलावं लागलं. मी याला बदलवेळ (काम बदलताना वाया जाणारा वेळ) म्हणतो. हातात ब्रश आला, तरी डोक्यात गोष्टच घोळत असते. ती बाहेर जाईपर्यंत तुझी पुढची घंटा!”

ऋजुताने घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

“गोष्ट उद्या. आता फक्त पाय! खटपट, घंटा बंद. दारात उभा राहा आणि कुणालाही आत सोडू नकोस.”

आबा खोलीबाहेर गेले आणि तिने दार लावलं.

ड्रोन आला तेव्हा ऑक्टोपसला आठ पाय होते. आठवा जरा जाडच झाला होता.

तिने दार उघडलं.

“मी आबांना सात वेळा अडवलं,” खटपट अभिमानाने म्हणाला.

“अगं, माझा चष्मा आत राहिला होता!” आबा म्हणाले.

“आणि उद्या,” खटपटने हळूच विचारलं, “मलाही एक तास कुणी हाक मारली नाही, तर चालेल का? मला एक कविता करायची आहे.”