मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत

यात मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही. पँदेलिसनं जसं सांगितलं, तसं लिहितोय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

दोन वर्षांपूर्वीची नऊ फेब्रुवारी. म्युनिकहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान. फर्स्ट क्लास, पहिली रांग, खिडकीची सीट.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

पण सुरुवात त्याच्या आधीच झाली होती...

पँदेलिस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, आन्थीचा नवरा. अथेन्समध्ये आम्ही एकाच गल्लीत राहतो. त्याच्या नोकरीचा सगळ्यांना हेवा वाटायचा. आज या कंपनीच्या, उद्या त्या कंपनीच्या फर्स्ट क्लासनं लांबचा प्रवास करायचा आणि सेवा कशी होती याचा गुपचूप अहवाल द्यायचा. सूप गरम होतं का, गादी नीट अंथरली का, बेल दाबल्यावर माणूस किती वेळात आला.

"जावईबापू, फुकटची शँपेन पोटावर दिसायला लागली हं," मी चिडवायचो.

तो नुसता हसायचा. बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आन्थी गेली तेव्हा तो अटलांटिकवर होता. हॉस्पिटलात तिच्या उशाशी मी आणि त्यांची मुलगी मिर्तो, एवढेच. "विमानात फोन बंद होता," पँदेलिस नंतर म्हणाला. मी मानलं.

मिर्तोनं मानलं नाही. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "बाबा, तू आता खाली उतरूच नकोस. वरच राहा."

महिन्याभरात ती मेलबर्नला निघून गेली. चार वर्षं एक शब्द नाही.

पँदेलिस खरंच वरच राहू लागला. महिन्यातले वीस-वीस दिवस.

मग आली ती टोकियोची फेरी. कंपनी जपानी, याआधी तिच्या विमानात त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं. दारातल्या एअर होस्टेसनं वाकून नमस्कार केला.

"परत आलात, बरं वाटलं. या वेळी झोप लागेल ना तुम्हाला?"

"मी पहिल्यांदाच येतोय."

ती हसली. समोरच्याला तो विषय नको आहे हे ओळखून माणूस हसतो, तशी.

उतरताना मात्र तिनं हळूच विचारलं...

"मिर्तोचा फोन आला का?"

तो मागे वळला. मागून माणसं येत होती, पुढे जावं लागलं.

दीड महिन्यानं पॅरिस ते सिंगापूर. कंपनी दुसरी, देश दुसरा. निवृत्तीला आलेला एक जाडा, गप्पिष्ट स्टुअर्ड न मागताच ग्रीक कॉफी घेऊन आला.

"बिनसाखरेची. मागच्या वेळी तुम्हीच शिकवलीत मला!"

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"ऑगस्टमध्ये की! रात्रभर माझ्यापाशी उभे होतात. माझे पाय मोडून आले, पण तुमचं बोलणं काही संपेना."

ऑगस्टमध्ये पँदेलिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर तो घरातच होता. दुपारचं जेवण मी स्वतः नेऊन द्यायचो.

"काय बोलत होतो मी?"

स्टुअर्डचा चेहरा उतरला. "बायकोबद्दल, सर. फार रडलात हो तुम्ही."

घरी येऊन पँदेलिसनं पासपोर्ट तपासला, जुनी तिकिटं काढली.

काहीच नव्हतं.

आणि मग ती नऊ फेब्रुवारी.

पुढच्या भागात आठ सीट होत्या. प्रवासी एकटा तोच. जेवण झालं. लेना नावाच्या तरुण एअर होस्टेसनं खिडक्या बंद केल्या, गादी घातली, दिवे मंद केले. बाहेर ग्रीनलंडच्या बर्फावर ऊन, आत काळोख. तो बूट काढून आडवा झाला.

किती वेळ गेला कोण जाणे.

कुणीतरी बोलत होतं...

हळू आवाजात. पुढच्या पडद्यामागे, जिथे चहापाणी करतात तिथे.

पुरुषाचा आवाज. इंग्रजी, पण ग्रीक वळणाचं.

पँदेलिस अहवाल आधी फोनवर बोलून ठेवायचा आणि मग ऐकून लिहायचा. स्वतःचा आवाज त्यानं शेकडो वेळा ऐकला होता.

तो त्याचाच आवाज होता.

"...मुलीचा मेसेज आला. ‘आई सारखी विचारतेय, दोन ओळी लिही, मी वाचून दाखवते.’ फोन चालू होता. मी वाचला. आणि फोन उपडा ठेवला..."

पँदेलिस उठला. मोज्यांतूनही पायांना गार लागत होतं. दहा पावलं चालला.

पडदा ओढला.

लेना एकटीच होती. घडीच्या सीटवर बसलेली, डोळे भरलेले. समोरच्या फळीवर कॉफीचा कप. वाफ येत होती.

तिनं वर पाहिलं. दचकली नाही.

"थांबलात का? सांगा ना. मेसेज वाचूनही उत्तर का नाही दिलंत?"

ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. मला नाही, पाद्र्याला नाही.

"मी इथे होतो?"

"अर्धा तास तरी. असं काय करताय, सर?"

"मी झोपलो होतो."

ती हसायला गेली... आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली.

"तुम्ही बूट कधी काढलेत?"

त्यानंही खाली पाहिलं.

"पुढे काय म्हणालो मी?" त्यानं विचारलं.

"म्हणालात... उतरलो की सरळ मेलबर्नला जाणार. मुलीला खरं काय ते सांगणार." ती भिंतीला चिकटून उभी राहिली होती. "प्लीज, तुम्ही सीटवर जाऊन बसा."

तो परत आला. गादीवर हात ठेवला.

थंडगार. चादरीवर एक सुरकुती नाही.

तिथे कुणी झोपलंच नव्हतं.

लॉस एंजेलिसला उतरल्या उतरल्या त्यानं मला मेसेज केला, "मिर्तोचा पत्ता दे." चार वर्षांत त्यानं तो कधी मागितला नव्हता. मी पाठवला. त्यानं साधं तिकीट काढलं, शेवटून तिसरी रांग, मधली सीट. जवळजवळ सोळा तास. तिथे त्याला कुणीच ओळखलं नाही. त्याला बरं वाटलं.

मेलबर्नला सकाळ होती. एक लहानसं विटांचं घर. त्यानं बेल वाजवली.

मिर्तोनं दार उघडलं. डोळे सुजलेले, चेहरा मात्र शांत.

"अरे? काही विसरलास का?"

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ये ना आत. इतकी कसली घाई होती? सांगत होते ना, आज राहा म्हणून." आणि तिनं त्याला मिठी मारली. सहज. तासाभरापूर्वी गेलेल्या माणसाला मारावी तशी.

आत टेबलावर दोन ताटल्या होत्या. दोन ग्लास. एक खुर्ची मागे सरकवलेली.

"बाबा, रात्री ते सांगितलंस ना... बरं केलंस. मी चार वर्षं तेवढंच ऐकायला थांबले होते रे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तो मी नव्हे, मी आत्ता येतोय.

पण चार वर्षांनी मुलीचा हात हातात आला होता. खरं सांगितलं असतं तर तो पुन्हा सुटला असता. पँदेलिस त्या मागे सरकवलेल्या खुर्चीत बसला. मिर्तोनं अंडी तळली. तो जेवला.

तीन दिवस राहिला. परत येऊन नोकरी सोडली. आता बापलेक दर रविवारी फोनवर बोलतात.

सगळं छान आहे. लोक तसंच म्हणतात.

पण फोन उपडा का ठेवला, हे पँदेलिसला स्वतःलाच ठाऊक नाही. भीतीनं? थकव्यानं? की त्याला खरंच काही वाटलं नव्हतं? इतकी वर्षं तो स्वतःला विचारतोय. उत्तर नाही.

मिर्तोला उत्तर ठाऊक आहे. तिला कुणीतरी ते सांगून गेलंय.

या ईस्टरला ती अथेन्सला आली होती. संध्याकाळी गच्चीत दोघंच बसली होती. त्यानं धीर करून विचारलं.

"मिर्तो, त्या रात्री मी तुला कारण काय सांगितलं गं?"

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, तूच म्हणाला होतास. एक दिवस मीच तुला हे विचारीन. तेव्हा सांगू नकोस."

"मी?"

"आईची शपथ घातलीस मला."

हे सगळं पँदेलिसनं मला गेल्या आठवड्यात सांगितलं. मग उठून घरी गेला. तेव्हापासून मला चैन नाही.

शेवटच्या दिवशी आन्थीनं तीनदा विचारलं होतं, "त्यानं काही लिहिलं का?" मी तिथे होतो. मलाही ते कारण हवंय.

मिर्तोला फोन करणं काही अवघड नाही. पण माझा हात पुढे होत नाही.

"मामा, तूही विचारशील असं तो म्हणाला होता," असं ती म्हणाली तर...?