बिनघाईवाल्याचे दोन टक्के

खरं प्रेम निरपेक्ष असतं. ते काही मागत नाही आणि त्याचा हिशेब मांडता येत नाही. या गोष्टीतल्या प्रेमाचा मात्र मांडता येतो. तो दोन टक्के होता, अधिक कर.

सुरुवात चुकीच्या दाराने झाली. त्याला जायचं होतं दातांच्या डॉक्टरांकडे. दातांसाठी नव्हे, त्यांची अपॉइंटमेंटची वेबसाइट बंद पडली होती, ती दुरुस्त करायला. जिना चढून डावीकडे वळायचं, तो उजवीकडे वळला. आत ओल्या मातीचा वास, काचेवर रिमझिम आणि भिंतभर लहान-लहान कुंड्या. हल्ली दवाखाने असेच सजवतात, असं समजून तो निमूट स्टुलावर बसला.

फिरत्या चाकावर माती घडवणाऱ्या एका मुलीने मान वर केली. गालावर मातीचा एक पट्टा होता.

"माझा नंबर कितवा?" त्याने विचारलं.

"कसला नंबर?"

"म्हणजे… डॉक्टर आत आहेत ना?"

"डॉक्टर समोरच्या दारात. इथे दात काढत नाहीत, कुंड्या करतात."

"मग… बसू का थोडा वेळ?"

"का? दुखतंय का काही?"

"आतापर्यंत तरी नव्हतं," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

कोपऱ्यात बसून कुंड्या खोक्यांत भरणाऱ्या तिच्या मावशीने दोघांकडे एकदा पाहिलं आणि चिकटपट्टी गरजेपेक्षा जोरात फाडली.

कुंड्या ऑनलाइन विकल्या जात होत्या, निदान तसा प्रयत्न होता. पैसे भरायचं पान अधूनमधून अडकायचं. डॉक्टरांचं काम उरकून तो परत आला आणि ते दुरुस्त करायला बसला. पान पुन्हा अडकलं तर लगेच कळावं म्हणून त्याने एक पहारेकरीही बसवला: दर आठवड्याला आपोआप एक लुटुपुटीची ऑर्डर टाकणारा छोटासा प्रोग्राम. अशा चाचण्यांसाठी त्याच्या साहेबांनी ऑफिसचं कार्ड दिलेलं होतंच.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"काही घाई नाही," तो म्हणाला. बोटं कीबोर्डवर होती.

मग तिने मनगटाने गाल पुसला. पट्टा जाण्याऐवजी नाकापर्यंत आला. ते बघण्याच्या नादात त्याचं शेवटचं एक बटण दाबायचं राहून गेलं. कोणतं, ते पुढे येईल.

थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचा व्यवसाय सुरू केला. म्हणजे तो रोज तिच्याकडे येऊन बसू लागला. कधी अक्षरं बारीक वाटायची, कधी फोटो अंधारे. वेबसाइट इतकी सुधारली की सुधारायला जागा उरली नाही. मग तो आधी थोडं बिघडवू लागला.

एकदा तिने चाक थांबवलं आणि म्हणाली, "प्रत्येक कुंडीमागे पेमेंटवाली कंपनी दोन टक्के कापते. बारक्या कुंडीत मला उरतच नाही काही."

"मग ज्याचे त्याला भरू दे," मावशी म्हणाली. "कार्ड घासायची हौस त्यांची, भुर्दंड आपल्याला?"

त्याने बिलात एक ओळ घातली: 'पेमेंट शुल्क'. परिणाम तात्काळ झाला. लोक कुंडी निवडत, रंग निवडत, पत्ता लिहीत, आणि त्या ओळीपाशी येऊन असे पळत, जणू कुणी किडनी मागितली आहे. एका बाईंनी लिहिलं, 'मी कुंडी घेतेय की बँक?' एका गृहस्थांनी फक्त 'लाज वाटते का?' एवढंच विचारलं आणि उत्तरासाठी ईमेल दिला.

एकच माणूस पळाला नाही.

"हे बघा, बिनघाईवाल्याने भरले!" ती म्हणाली.

"कोण बिनघाईवाला?"

"आहेत एक," मावशीने खुलासा केला. "दर आठवड्याला एक कुंडी मागवतात. नावाच्या जागी नुसतं 'साहेब', आणि डिलिव्हरीच्या सूचनेत दर वेळी एकच, 'काही घाई नाही'. बाकीचे लोक ऑर्डर टाकल्या क्षणी पोचली का म्हणून विचारतात. हा बिचारा… काही घाई नाही!"

"किती समजूतदार, ना?" ती खिडकीकडे बघत म्हणाली.

तो उगाच ऑर्डरींची यादी वर-खाली सरकवू लागला. स्वतःचं वाक्य परपुरुषाच्या नावावर ऐकलं की ओळखू येत नाही. त्यात मत्सराला मुळातच कमी ऐकू येतं.

"पैसेवाला असेल," तो म्हणाला. "बिल न बघता भरतात असले लोक."

"नाही हो. बघून, समजून भरलं असणार. शब्द वाचला तरी कळतं माणूस कसा आहे ते."

"दोन शब्दांत?"

"तीन. काही, घाई, नाही." तिने तिन्ही शब्द इतके हळू उच्चारले की त्याला लॅपटॉप बंद करावा लागला.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, "त्यांच्याकडून शुल्क घ्यायचं नाही. तेवढ्या एकासाठी माफीची सोय करा."

"एकट्यासाठी? नियम सगळ्यांना सारखा हवा."

"नियम माझा आहे."

त्याने ती सोय स्वतःच्या हातांनी केली. मग घरी जाऊन, केवळ तपासणी म्हणून, स्वतःच्या नावाने एक कुंडी मागवली.

"मला शुल्क लागलं," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला.

"मग? तुम्ही ग्राहक ना?"

"मी फक्त ग्राहक आहे?"

"मग कोण आहात?" तिने विचारलं. चाक फिरत होतं, पण हात मातीवर नव्हते.

उत्तर द्यायची ती नेमकी वेळ होती. तो म्हणाला, "फोटो जरा अंधारे वाटतायत."

मावशीने कपाळाला हात लावला.

यानंतर तिने एक निळी कुंडी केली. तशी ती विकायला करत नसे. काठाला बोटांचे ठसे मुद्दाम ठेवलेले.

"कुणासाठी?" त्याने विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"बिनघाईवाल्यांना. स्वतः नेऊन देणार आहे. एकदा बघून तरी येते माणूस…"

"आणि आवडला तर?"

"तुम्हाला काय त्याचं?"

ती छत्री घेऊन निघाली. ग्राहकाचा पत्ता चोरून बघणं धंद्याच्या नीतीत बसत नाही, म्हणून इतके दिवस त्याने तो पाहिला नव्हता. आता नीती बाजूला ठेवून पाहिला. मग पुन्हा पाहिला. तो त्याच्या जुन्या ऑफिसचा होता.

'लुटुपुटीची' हे बटण दाबायचं राहिलं होतं, म्हणून पहारेकऱ्याची प्रत्येक ऑर्डर खरी ठरत होती. नावाच्या जागी कार्डवाल्याचं म्हणून 'साहेब' त्यानेच टाकलं होतं. आणि सूचनेत… चहा टाकू का असं तिने विचारलं तेव्हा तोंडातून जे आलं, ते बोटांतूनही आलं होतं.

"पळा आता," मावशी म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं, पण त्याचा चेहरा दिसत होता.

तो धापा टाकत पोचला तेव्हा ती काचेच्या दारापाशी उभी होती. आत प्रत्येक टेबलावर तिची एकेक कुंडी होती.

"दर आठवड्याला येते एक," रिसेप्शनवरची बाई सांगत होती. "साहेबांना वाटतं अकाउंट्सवाले मागवतात, अकाउंट्सवाल्यांना वाटतं साहेब. कोण विचारणार?"

जिन्यात त्याने सगळं सांगितलं. ती निळी कुंडी पोटाशी धरून पायरीवर बसली.

"म्हणजे बिनघाईवाला… नाहीच?"

"प्रोग्राम आहे. म्हणून तर त्याने शुल्क भरलं. माणूस कुरकुरला असता."

"मी एका प्रोग्रामसाठी कुंडी घेऊन आले."

"मी एका प्रोग्रामवर जळत होतो. तोही मीच लिहिलेला."

ती हसली नाही. हसू आवरत असावी. "तो तुमच्यापेक्षा बरं बोलायचा. आणि दर आठवड्याला न चुकता यायचा."

"मी रोज येतो," तो म्हणाला. "तुझ्या वेबसाइटला पहिल्या दिवसानंतर काही झालेलंच नाही. मी… मी तुझ्यासाठी येतो."

'तू' दोघांनीही ऐकलं. खाली कुणीतरी छत्री झटकली.

"एवढं सांगायला इतके दिवस लावलेस?" ती म्हणाली.

"काही घाई—"

"आहे," ती म्हणाली, आणि निळी कुंडी त्याच्या हातात दिली. "घाई आहे."

प्रोग्राम त्याने त्याच दिवशी बंद केला, आणि बटण गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं. 'पेमेंट शुल्क' ही ओळ मावशीच्या सल्ल्याने काढून टाकली आणि कुंडीच्या किमतीतच दोन टक्के मिळवले. कुणीही अवाक्षर काढलं नाही. जुन्या साहेबांनी सगळ्या कुंड्या खोक्यात भरून परत पाठवल्या आणि पैसे मागितले. तिने ते कार्डावर परत केले. पेमेंट कंपनीने आपले दोन टक्के परत केले नाहीत. व्यवहार रद्द झाला तरी ते परत मिळत नाहीत.